बुरुल एजेंनी अडवलेलं पॅकेज

मेंढीची आतडी साफ करायचं काम आमच्या किर्गिझ शहरात, काराकोलमध्ये, जो तो दुसऱ्यावर ढकलतो. बुरुल एजे मात्र बाह्या सारून बसायच्या आणि मोजे धुवावेत तशी ती उलटीपालटी करायच्या. घाण, वास, रक्त, कशानेच त्यांचं नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. त्यांना शिसारी यायची ती वेगळ्याच गोष्टीची. दुसऱ्याच्या कामावर कुणी आपलं नाव लावलेलं दिसलं की त्यांचं तोंड आंबट व्हायचं आणि त्या उठून हात धुवायच्या. खरंच धुवायच्या, साबण लावून.

आम्ही दोघं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात होतो. मी मेदेर, कंपोझिटर, खिळे जुळवणारा. त्या प्रुफं तपासायच्या. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, म्हणून एजे, थोरली बहीण. पुढे वर्तमानपत्र बंद पडलं. मी शाळेत मुलांना संगणक शिकवायला लागलो आणि एजे शहराच्या ग्रंथालयात संगणकांच्या खोलीवर बसायला लागल्या. तिथेच त्यांना ते दुसरं, बिनपगारी काम चिकटलं.

लिनक्स ही खुली यंत्रणा जगभरची माणसं मिळून बनवतात. तिच्यात हजारो सुटे भाग असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येतील अशा तयार तुकड्यांची. कुणीतरी तुकडा लिहितो आणि इंटरनेटवर टाकून मोकळा होतो. तो उचलायचा, उलगडायचा, बाकीच्या तुकड्यांशी त्याचं भांडण होत नाही ना ते बघायचं, कुठली ओळ कुणी लिहिली आणि कोणत्या अटीवर दिली हे फाईल-फाईल वाचून हक्कांच्या फाईलमध्ये नोंदवायचं, आणि मग वर आपली सही करायची. झालं पॅकेज. त्यानंतर कुठल्याही खेड्यातला मास्तर तो तुकडा निर्धास्त बसवतो. निर्धास्त, कारण कुणीतरी आधी वाचलेलं असतं. आमच्या बाजूला ते कुणीतरी म्हणजे बुरुल एजे. एकेचाळीस पॅकेजं त्यांच्या सहीची होती. माझी तीन. तीही त्यांनीच मला हाताला धरून शिकवली म्हणून.

"एजे, ही हक्कांची फाईल आजवर कुणी उघडून तरी बघितलीय का?" मी एकदा विचारलं.

"प्रुफं तरी कोण बघत होतं? चूक राहिली की मग सगळं गाव बघायचं."

त्या कामात घाण पुष्कळ निघायची. एकाने लायब्ररीत स्वतःचे समुद्रावरचे उघडेवाघडे फोटो ठेवून दिले होते. एकाने दुसऱ्याच्या फायली घेऊन वरची नावाची ओळ तेवढी छाटली होती, आणि घाईत अठ्ठाविसाव्या फाईलमध्ये ती तशीच राहिली होती. एक तुकडा तर बसवता बसवता गुपचूप आपल्या मालकाला कळवायचा, की आज अमक्याच्या घरात शिरलो. एजे प्रत्येकाला दोन ओळींची सभ्य चिठ्ठी लिहायच्या आणि नळाकडे जायच्या.

त्या वर्षी वसंतात 'सोझ' नावाची लायब्ररी आली. सोझ म्हणजे शब्द. किर्गिझ लिहिताना चुका दाखवणारी, सोबत नव्वद हजार शब्दांची यादी. राजधानी बिश्केकच्या इल्गिझ नावाच्या तिशीतल्या गृहस्थाने ती केली होती. टीव्हीवर तो पांढरी कल्पाक टोपी घालून सांगायचा, "तीन उन्हाळे आम्ही कुरणांवर मेंढपाळांच्या मागे हिंडलो. एकेक शब्द वेचला." शाळांना संगणक देणाऱ्या योजनेला ती सप्टेंबरच्या आत सगळीकडे हवी होती, आणि शाळांतली यंत्रणा तपासलेल्या पॅकेजशिवाय काही घेत नसे.

मीच एजेंच्या मागे लागलो. आमची मुलं रशियन सफाईदार लिहायची आणि आईच्या भाषेत दर ओळीला ठेचकाळायची.

नऊ दिवस त्या वाचत होत्या. दहाव्या दिवशी माझा तास चालू असताना वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"मेदेर, बाहेर ये."

बाहेर त्यांनी एक कागद माझ्यासमोर धरला. "हे दोन शब्द वाच."

"हे शब्द नाहीतच, एजे. अर्थच लागत नाही."

"नाहीतच. एका शब्दाचे दोन तुकडे आहेत. ओळ संपली म्हणून मधेच कुणी तोडला?"

मी बघत राहिलो आणि माझे कान तापले. मीच तोडला होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी, ओरोझाकून आगायांच्या सदरात.

आगाय म्हणजे गुरुजी. ओरोझाकून आगाय आक-सूकडच्या एका गावात शिकवायचे आणि सुट्टीत घोड्यावर टाच मारून उंच कुरणांवर जायचे. तिथल्या म्हाताऱ्यांकडून बर्फाचे, दुधाचे, घोड्याच्या दुखण्यांचे शब्द लिहून आणायचे. दर शुक्रवारी आम्ही तीस शब्द छापायचो. चार वर्षं. तो शब्द मी तोडला तेव्हा ते छापखान्यात येऊन मला म्हणाले होते, "पोरा, बाईचे दोन तुकडे केलेस तर तुरुंगात घालतात. शब्दाचे केलेस तर पगार देतात." आता ते हयात नव्हते.

"आणि हा बघ," एजे म्हणाल्या. "कडक झालेल्या बर्फाचा. शेवटच्या न ला शेपटी हवी, गळलीय. ती माझी चूक. आगाय तीन आठवडे माझ्याशी बोलले नव्हते." आमच्या लिपीत शेपटीचा न हे वेगळंच अक्षर आहे.

त्यांच्या कोळशाच्या खोलीत जुने अंक बांधून ठेवलेले होते. आम्ही दोन रविवार ते चाळले. आगायांचे सहा हजार शब्द यादीत सगळेच्या सगळे होते, आणि आमच्या छपाईच्या एकशे चौदा चुकाही, एक न वगळता. बाकीचे शब्द कुठल्याही कोशात मिळणारे. हक्कांच्या फाईलमध्ये एकच नाव होतं, इल्गिझचं.

"ह्याने शब्द वेचले नाहीत," एजे म्हणाल्या. "ह्याने आपला उकिरडासुद्धा उचलून नेला."

मिनीबस धरून आम्ही आगायांच्या मुलीकडे गेलो. आसिल्कान तिचं नाव. तिने चहा ओतला, नान मोडून पुढे ठेवला, काळ्या रानफळांच्या मुरंब्याची वाटी सरकवली. वडिलांच्या कात्रणांची वही एजेंनी बघायला मागितली तेव्हा ती गोंधळली.

"ती तर एक जण घेऊन गेला ना. तीन वर्षं झाली. विद्यार्थी आहे म्हणाला, नाव इल्गिझ. दोन दिवस इथेच राहिला. वडिलांबद्दल विचारता विचारता रडला सुद्धा. म्हणाला, फोटो काढून महिन्याभरात परत करतो. मी त्याला वडिलांची कल्पाक दिली."

"पांढरी?" मी विचारलं.

"पांढरी. काळ्या काठाची."

एजेंनी हातातला नानचा तुकडा खाली ठेवला, मग भान येऊन परत उचलला. आमच्यात नान टाकत नाहीत. त्यांनी तो चावून चावून गिळला, औषध गिळावं तसा.

"छपाईतल्या सगळ्या चुका वडिलांनी लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या," आसिल्कान म्हणाली. "प्रत्येक कात्रणावर."

"म्हणजे उघडून नीट बघितलीही नाही," एजे म्हणाल्या. "नुसती यंत्रात घातली."

जूनमध्ये इल्गिझ काराकोलला कार्यक्रमाला आला आणि त्यानेच एजेंना निरोप धाडला. बाजारातल्या आश्ल्यान-फूच्या, म्हणजे थंड आंबट शेवयांच्या दुकानात आम्ही तिघं बसलो. माणूस गोड होता, तेच वाईट. त्याने एजेंसाठी वाडगा स्वतः आणला, मिरची कमी घालायला सांगून.

"एजे, तुम्ही फार बारकाईने वाचता असं ऐकलं. पण शब्द काय कुणाच्या बापाचे असतात? ते लोकांचे."

"लोकांचे. मग तू तुझं नाव कशाला लावलंस?"

"कुणाचं तरी लावावं लागतं ना."

"ओरोझाकून आगायांचं लाव. आणि वही परत कर."

"वही कुठे असेल, बघावं लागेल. ऑफिस दोनदा बदललं." तो पुढे झुकला. "असं करूया. तुमचंही नाव घालतो. सहलेखिका, बुरुल असानालियेवा. बिश्केकला बक्षीस आहे, स्टेजवर तुम्ही माझ्या शेजारी. काय म्हणता?"

एजेंनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं कुणी वाडग्यात निघालेल्या केसाकडे पाहतं.

"दीड महिना तुझ्या फायली वाचतेय," त्या म्हणाल्या. "वाटलं होतं, भूक लागली म्हणून चोरलं असेल. तू तर दुसऱ्याच्या ताटातलं चोरून मलाच वाढतोयस, बाबा. मला हात धुवायचेत. ऊठ, मला जाऊ दे."

त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या अंकांचे फोटो, एकशे चौदा चुकांची यादी, सगळं पॅकेज करणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या जाहीर टपालात टाकलं आणि खाली लिहिलं: "लेबल खोटं आहे. हे पॅकेज मी करणार नाही." उत्तरं आली तीही वाचवत नव्हती. जळकी म्हातारी. प्रगतीच्या आड येणारी. ग्रंथालयातली झाडूवाली, असंही एकाने लिहिलं. ज्यांना खरं काय ते कळलं होतं ते गप्प बसले.

आता माझं सांगतो. ऑगस्टमध्ये आमच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. योजनेचे एक साहेब समोर बसले होते. "तुम्हालाही सहीचा अधिकार आहे ना, मेदेर आगाय? मुलांचं नुकसान एका बाईच्या रागापायी करायचं का?" आमच्या शाळेला वीस नवे संगणक यायचे होते. मी एजेंकडे गेलो.

"आत्ता घालू या," मी म्हणालो. "नाव नंतर दुरुस्त करू."

"नंतर कोण करणार?"

"मी करीन ना."

"तू?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी सही केली. पंचवीस ऑगस्टला, दुपारी, शाळेच्या स्टाफरूममध्ये. हक्कांच्या फाईलमध्ये माझ्या हाताने लिहिलं: सर्व हक्क आणि श्रेय, इल्गिझ. ती ओळ टाइप करताना मला एजेंची आठवण आली नाही, आगायांची आली. तरी केली.

पुढचे चार महिने एजे माझ्याशी बोलल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर पलीकडे जात नसत, तशातल्या नाहीत त्या. सरळ समोरून येत आणि माझ्या अंगावरून नजर फिरवत, जणू मी खांब आहे. मुलांच्या पडद्यावर कडक बर्फाचा शब्द बिनशेपटीचा यायचा आणि बरोबर लिहिणाऱ्या मुलीच्या शब्दाखाली लाल रेघ उमटायची. तिला मी काय सांगू? की माझी सही आहे म्हणून तू चुकतेस?

डिसेंबरात मी पत्र लिहून माझी सही मागे घेतली आणि कारणही लिहिलं. योजनेच्या लोकांनी दोन दिवसांत दुसऱ्या कुणाची लावली. इल्गिझला बक्षीस मिळालं. टोपी तीच होती.

पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एजेंच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडलं, आत यायला सांगितलं नाही.

"टाइप करायला हात हवेत," त्या म्हणाल्या. "सहा हजार शब्द आहेत. आसिल्कानने लेखी परवानगी दिलीय, सगळ्यांना फुकट, आगायांच्या नावासह. खिळे जुळवायचास तसं जुळव. तोडू नकोस."

तो हिवाळा आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात काढला. मी टाइप करायचो, त्या प्रुफं तपासायच्या, दर शनिवारी आसिल्कान येऊन उच्चार सांगायची. बोलणं कामापुरतंच. एप्रिलमध्ये पॅकेज झालं. कर्ता म्हणून ओरोझाकून आगाय. खाली सही एजेंची. माझं नाव 'टाइप करणारा' म्हणून आहे. ते त्यांनीच घातलं, मला न विचारता.

दोन-तीन जिल्ह्यांनी ती यादी घेतली. बाकी देशात सोझच चालते. दीड वर्षाने सोझची नवी आवृत्ती आली, तीत आमच्या एकशे चौदाच्या एकशे चौदा चुका दुरुस्त झालेल्या होत्या. आमच्याच यादीवरून, उघड होतं. हक्कांच्या फाईलमध्ये नाव इल्गिझचंच. एजेंनी ती फाईल वाचली आणि दोन ओळींची सभ्य चिठ्ठी लिहिली. उत्तर आलेलं नाही. वहीही आलेली नाही.

मागच्या शरदात आसिल्कान शाळेत आली. वडिलांचं नाव संगणकात कुठे असतं ते तिला बघायचं होतं. एजेही आल्या होत्या, पण वर्गात शिरल्या नाहीत. दाराशीच उभ्या राहिल्या, ओव्हरकोटाची बटणंसुद्धा न काढता. मी फाईल उघडली. आसिल्कानने चष्मा लावून नाव वाचलं, जन्मगाव वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"त्या माणसाचंही ह्याच यंत्रात आहे का?" तिने विचारलं.

"आहे."

"काढता येतं?"

"शाळेला विचारावं लागेल."

"मग विचार."

मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्या म्हणाल्या, योजनेचे संगणक आहेत, राहू दे. मी परत येऊन तसं सांगितलं. आसिल्कानने चष्मा घडी करून डबीत ठेवला. एजे दारातून निघून गेल्या होत्या, नळ चालू असल्याचा आवाज येत होता. सोझ अजून त्या वीसही संगणकांत आहे.