ओरिजिनल पार्टचा रकाना

रविवारी क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलच्या लॉनवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. तिथून जे डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही...

आमची गाडी दादांची. दादा म्हणजे माझे वडील, चार वर्षांपूर्वी गेले. छोटी, दोन दारांची, आकाशी रंगाची गाडी... आणि ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

त्या काळी बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, म्हणून कंपन्यांना माज होता. गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाणार कुठं? मग नव्या छोट्या गाड्या आल्या आणि गिऱ्हाईक बरोब्बर तिकडं गेलं. कंपनीला टाळं लागलं आणि ज्यांनी नंबर लावून गाड्या घेतल्या ते बसले बोंबलत. ना स्पेअर पार्ट, ना सर्व्हिस, ना तक्रार ऐकायला कुणी.

गारखेड्यात आमच्या ओळखीत अशा तीन गाड्या होत्या. दोन भंगारात गेल्या. आमची वाचली ती सत्तार मामूंमुळं.

मामूंचं औरंगपुऱ्यातल्या एका बोळात लेथचं, म्हणजे धातूचे पार्ट कातून द्यायचं, दुकान आहे. पहिल्यांदा इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप गेला तेव्हा दादांनी हात टेकले होते. मामू म्हणाले, "कंपनी मरी तो गाडी बी मरना क्या, साब?" आणि झिजलेला पंप मोजून हुबेहूब दुसरा बनवून दिला.

मामूंचा एक नियम आहे. झिजलेला पार्ट टाकायचा नाय. कंपनीच नाही तर ड्रॉइंग कुठून आणणार, म्हणून तो जुना तुकडा हाच नकाशा. पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, गाडीच्या नंबराची चिठ्ठी लावून ठेवलेला असतो.

दोन महिन्यांपूर्वी पंप पुन्हा गळायला लागला, तर त्याच डब्यातून तोच तुकडा निघाला. मामूंनी सत्तरी ओलांडलीय. दोन पंप बनवून स्वतःच नापास केले आणि तिसरा बसवला. मी स्टुलावर बसून सगळं बघत होते.

मग प्रदर्शनाचा फॉर्म आला. त्यात एक रकाना... 'सर्व सुटे भाग मूळ कंपनीचे आहेत.' तिथं टिक नसेल तर हेरिटेज गटात घेत नाहीत. दादांची गाडी एकदा तरी तिथं उभी राहिलेली बघायची होती मला. मी टिक केलं. खोटं आहे हे माहीत असून केलं.

आणि वर मामूंना बोलावलंही मीच. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मामींना घेऊन आले बिचारे. एवढ्या वर्षांत मामी पहिल्यांदाच त्यांचं काम बघायला आल्या होत्या.

परीक्षक बाहेरगावचे. हातात माइक, अंगात कोट, बाहेर हे ऊन... बॉनेट उघडलं, पंपावर बोट ठेवलं आणि माइकवर म्हणाले, "हा जुगाड कुणी केलाय?" लोक हसले.

जुगाड म्हणे. अहो, जुगाड म्हणजे तारेनं बांधलेलं, वेळ मारून नेलेलं काम. हा पंप बसवून गाडी भर उन्हाची वेरूळला जाऊन आली, टेम्परेचरचा काटा जागचा हलला नाही. त्या लॉनवरच्या कितीतरी गाड्या ट्रेलरवर चढवून आणलेल्या. आमची आपल्या पायानं आली होती. लई राग आला मला, अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण त्यांनी पुढं मलाच विचारलं. "मॅडम, फॉर्मवर तर सगळं ओरिजिनल लिहिलंय. मग हे कुणाचं काम?"

मामू माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी सदरा जरा नीट केला. मामी त्यांच्याकडं बघून हसल्या.

आणि मी म्हणाले, "माहीत नाही सर. वडिलांच्या काळात बसवला असेल."

मामींचं हसू गेलं, त्या पदर सारखा करायला लागल्या. थोड्या वेळानं मामू जवळ येऊन म्हणाले, "चलते बेटा, धूप लई है." रिक्षा करून दोघं गेलेसुद्धा.

आमच्या गाडीला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. घरी येऊन फाडून टाकलं.

संध्याकाळभर मी त्या परीक्षकाचा उद्धार करत होते. नवरा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "त्या माणसानं निदान विचारलं तरी. तू का नाय सांगितलं?"

स्वतःचाच इतका संताप आला की जेवण गेलं नाही... ज्या माणसानं आमची गाडी जिवंत ठेवली, त्याला मी फॉर्मवरच्या एका टिकमार्कपायी त्याच्या बायकोसमोर ओळख दिली नाही.

काल दुकानात गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर मामूंनी मशीन बंद केलं नाही. "पंप गळतो का?" मी म्हटलं, नाही. "मग झालं." चहा पाजला, इकडचं तिकडचं बोलले. मामींचा विषय काढला तेव्हा मात्र मान खाली घालून पार्ट घासत राहिले.

तर परीक्षक साहेब, आणि तिथं हसलेले सगळे... तो पंप सत्तार मामूंनी बनवलाय. जुगाड नाही, काम आहे. फॉर्मवर मी खोटं लिहिलं आणि माइकसमोर त्याहून मोठं खोटं बोलले.

मामूंकडं साधा फोन आहे, ही पोस्ट त्यांना दिसणार नाही. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मामींसमोर मीच मोठ्यानं वाचणार आहे.