शांतामावशीनं नावानं मारलेली हाक

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी लोणावळ्याची. धुक्यात कुणीतरी दिसलं म्हणून किंचाळणाऱ्या टूरिस्टांना हसतच मोठी झालेय. पण गेल्या मे महिन्यातला हा प्रसंग काही केल्या पचत नाही... म्हणून लिहितेय.

मी मांगा काढते, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथा. ऑनलाइन एक मालिका चालू होती — धरणावरचा होडीवाला आणि पाण्यातली जलपरी, त्यांचं प्रेम वगैरे. शेवटच्या भागात तो घरदार सोडून तिच्याबरोबर पाण्यात जाणार होता. वाचक खूश, मी खूश. अशात तिकोणा पेठेला शांतामावशीकडे गेले आणि मोठ्या हौसेनं टॅब तिच्यापुढे धरला.

"ही तर आसरा," मावशी म्हणाली. आमच्याकडे पाण्यातल्या देवींना आसरा म्हणतात. "पन शेपूट कशाला लावलंस गं बये? चालंल कशी ती?"

मी हसले. मग तिनं हळूच विचारलं, "आन् ह्याची बायकू कुटं हाय?"

बायको मी काढलीच नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अशी कशी मी बिनडोक! बारा वर्षांपूर्वी मावशीचा नवरा, किसनकाका, गावालगतच्या पवना धरणाच्या पाण्यात गेला तो गेलाच. आठ दिवस शोधलं, काही सापडलं नाही. गाव म्हणालं, आसरांनी नेला.

"कुनी न्हेलं न्हाई," मावशी म्हणाली. "माझीच हाक चुकली."

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं, मग शेतीच्या मोटारीचा पाइप पुढे न्यावा लागतो. त्या दिवशी चौघे जण त्यासाठी पाण्यात उतरले होते. काका फार आत चाललाय हे मावशीला काठावरून दिसलं. ती ओरडली, "अवं! मागं फिरा!" नवऱ्याचं नाव चारचौघांत घेणार कसं? चौघांच्याही बायका नवऱ्याला 'अवं'च म्हणायच्या. एकानंही वळून पाहिलं नाही.

"नावानं हाकारलं असतं तर वळलं असतं त्ये. लाजंपायी मानूस घालीवला म्या."

बारा वर्षं ही बाई हे एकटीच उरात घेऊन बसली होती. मी टॅब बंद करून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोघी आसरांची ओटी भरायला पाण्यावर गेलो. वारा नाही, चिटपाखरू नाही, शनिवार-रविवारचे तंबूवालेही नाहीत. मावशीनं खण, नारळ, हिरव्या बांगड्या ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं.

"मावशी, आता मार की नावानं हाक. कोण ऐकतंय इथे?"

"गप! कायबी बोलती." पण मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि —

"किसनऽऽ!"

हाक मारली आणि नव्या नवरीसारखा तोंडावर हात ठेवला.

"ओ."

पाण्याकडून आला. पंधरा-वीस पावलांवरून. पुरुषाचा आवाज, जराही घाई नसलेला. पाण्यावर साधा तरंग नव्हता. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. फक्त मावशीचा दंड घट्ट धरला.

"मावशी, ऐकलंस? अगं विचार ना काहीतरी! कुठे आहेत, येतात का..."

"काय इचारू?" ती रडत होती आणि हसतही होती. "तंबाखू तोंडात धरून ओ द्यायचं, तसाच दिला की. रागावल्यालं न्हाईत त्ये. लय झालं मला."

प्रतिध्वनी म्हणाल, तर नाव परत यायला हवं होतं. कुणाची चेष्टा म्हणाल, तर त्या उघड्या गाळात माणूस लपणार कुठे? रेकॉर्ड केलं का, हे कृपा करून विचारू नका, सुचलंच नाही. होडीवाल्याला मी बायको काढून दिली. वाचक चिडले. चिडोत बापडे! 'ओ' कुणी दिला, ते मला आजही सांगता येत नाही.

मावसभाऊ सांगतो, आई बारा वर्षं दाराला कडी न लावता झोपायची. त्या मंगळवारपासून लावते. का गं, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, "घर ठावं हाय त्यास्नी. आलं तर वाजिवतील."