शर्वरीचे कान आणि आमची झाकाझाक

किडनीचा आजार असलेलं लेकरू घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आई-बापांनो, आपलं गाऱ्हाणं एकच... डॉक्टर धड काही विचारत नाहीत, दोन मिनिटांत सुई टोचून मोकळे होतात. परवापर्यंत मीही तेच ओरडत होतो.

परवा पुतणीला, शर्वरीला घेऊन दादा, वहिनी आणि मी बेंबळीहून सोलापूरला गेलो. आठ वर्षांची पोर. तिच्या किडन्या जेमतेम काम करतात, हे गावात आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन महिने झाले, वहिनीचा एकच धोशा... "हाका मारून घसा बसला, पण ही बया मागं वळंना!" शाळेतून तक्रारी, घरात धपाटे. पोर नुसती तोंडाकडं बघत "काय? काय?" करायची. आम्ही म्हणालो, आगाऊ झालीय!

सोलापुरात कानाच्या डॉक्टर मॅडमनी तपासणी केली, जुन्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि समजावून सांगितलं. लघवीच्या इन्फेक्शनसाठी गावात घेतलेल्या सुयांमधलं अँटिबायोटिक कानाला इजा करू शकतं. किडनी धड नसेल तर ते अंगात साठत जातं, म्हणून अशा लेकरांना डोस जपून देतात, नाहीतर औषधच बदलतात. गेलेलं ऐकू येणं आता परत येणार नाही... कानाला ऐकायची मशीन लावावी लागेल.

माझं डोकं फिरलं. तिथंच गावच्या डॉक्टरचा उद्धार सुरू केला... एका शब्दानं विचारायचं तरी!

वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, इचारलं हुतं की त्यांनी. तुमी बी हुताच की तिथं."

होतो. सुई भरण्याआधी त्यांनी विचारलं होतं, हिला आणखी काही आजार? दादानं माझ्याकडं पाहिलं. पोरीची जात, गावभर बोभाटा झाला तर उद्या सोयरीक कोण करील... किडनीची फाइल वहिनीच्या पिशवीत होती. आणि मी म्हणालो, "काही नाही." हुंड्याविरुद्ध तास-तासभर भाषणं ठोकणारा मी!

आठ वर्षांच्या पोरीचं लग्न वाचवायला निघालो आणि तिचे कान घालवून बसलो.

येताना एसटीत शर्वरीनं वहिनीला विचारलं, "मशीन लावल्यावर मारणार न्हाईस ना?" वहिनीनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

दादाला विचारूनच हे चारचौघांत मांडतोय. आमच्या घराला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा... पण एक करा. लेकराला पुढची सुई टोचण्याआधी, डॉक्टरनं विचारो न विचारो, किडनीची फाइल पिशवीतून काढा आणि उघडून त्याच्या टेबलावर ठेवा.