घंगाळाचं मॉडेल

अप्पांनी हातोडी खाली ठेवली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांच्या नावाने खडे फोडणार आहे आणि ते वाचून तुम्हाला वाटायचं, बाई अगदीच गरीब गाय दिसते. संस्थेचं चुकलं, कारखानेवाल्याचं चुकलं, सगळं खरं. पण माळ्यावरचं घंगाळ खाली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं कुणी? मीच ना?

अप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही तांबट. पुण्याच्या जुन्या भागात तांबटांच्या गल्लीत पुढे कामाची खोली आणि तिच्यामागे राहायच्या दोन खोल्या, एवढा आमचा संसार. मी लग्न होऊन वारज्याला आले, आई चौदा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून अप्पा तिथे एकटेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. तरी रोज सकाळी चहा झाला की बैठक मारून मठारायला घ्यायचे. मठारणं म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने जवळजवळ, एकसारखे ठोके घालत जायचं. त्याने भांडं कडक होतं आणि अंगभर बारीक चकाकणारे खळगे उमटतात. मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन करायचे तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे गल्लीतल्या कुणाची ना कुणाची ठकठक चालू असायची, आणि फोन ठेवायच्या आत त्यांची स्वतःची सुरू व्हायची. ती ऐकू आली की अप्पा बरे आहेत असं मी धरून चालायचे. तब्येत वेगळी विचारायची कधी गरजच पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका बाईंनी मला एक मेसेज पुढे पाठवला. कुठलीशी संस्था जुन्या कारागिरांच्या वस्तूंची थ्रीडी मॉडेल्स करत होती. वस्तूचे चारी बाजूंनी शेकडो फोटो काढायचे, संगणकाने ते जोडायचे, की जगात कुठेही बसून कुणीही ती वस्तू पडद्यावर फिरवून बघू शकतो. मी लगेच फोन लावला. म्हटलं, अप्पांच्या हातचं काम राहील कुठेतरी. माझ्या मुलीला हातोडी धरता येत नाही, मलाही येत नाही, आमच्या घरात हे अप्पांबरोबर संपणार हे मला दिसत होतं. तेव्हा मला वाटलं, आपण फार शहाण्या.

संस्थेकडून एक मुलगी आली. नागपूरकडची, शिकून इथे नोकरीला लागलेली, बोलायला फार गोड. "काका, तुम्ही बसा न, मी सगळं करते," म्हणत तिने तांब्या, कळशी, तपेली असं एकेक उचललं. मग म्हणाली, "एखादं मोठं आहे का जी? पूर्ण मठारलेलं?"

मला माळ्यावरचं घंगाळ आठवलं. अंघोळीचं पाणी काढायचं मोठं, दोन कड्यांचं घंगाळ, गोणपाटात बांधून ठेवलेलं. इतकं सुबक काम अप्पांनी दुसरं केलं नसेल. ते त्यांनी विकलं नाही, वापरलंही नाही.

"ते नको," अप्पा म्हणाले.

"का पण?"

"नको म्हटलं ना."

आता खरं तर तिथेच थांबायचं. पण मी पडले त्यांचीच मुलगी, माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या परक्या मुलीसमोर मी म्हणाले, "मग काय करायचंय त्याचं? तुमच्या मागे मोडीत घालू का?"

अप्पा उठले. चपला घातल्या आणि कोपऱ्यावर चहाला निघून गेले. मी माळ्यावर चढले.

चकचकीत तांबं कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, त्यात समोरचंच सगळं उमटतं, म्हणून त्या मुलीने घंगाळावर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला. मग एकेक ठोका असा वर आला की मी जन्मात तसा पाहिला नव्हता. फिरत्या पाटावर ते ठेवून ती तासभर फोटो काढत होती. अप्पा परत आले, दारात उभे राहिले. "भस्म फासलंत की हो त्याला," एवढंच म्हणाले. तिने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली. मी गॅसच्या पावतीमागचे नियमसुद्धा वाचणारी बाई. तो कागद मात्र मी वाचला नाही. त्यात लिहिलं होतं की हे मॉडेल कुणीही उतरवून घ्यावं, कशालाही वापरावं.

मॉडेल आलं तेव्हा मी किती मिरवलं म्हणून सांगू! फोनवर बोट फिरवलं की घंगाळ फिरायचं, दोन बोटांनी ताणलं की एकेक खळगा नखाएवढा मोठा. मी ते स्टेटसला ठेवलं, नातेवाइकांना पाठवलं, स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. अप्पांनी एकदा बघितलं, "बरं आहे" म्हणाले आणि फोन माझ्या हातात परत दिला. तो त्यांचा कायमचाच स्वभाव, असं म्हणून मी सोडून दिलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी अप्पांना घेऊन मी मंडईत गेले होते. पणत्या घेतल्या, झेंडू घेतला, आणि परतताना एका भांड्यांच्या दुकानाबाहेर तांब्याच्या छोट्या घंगाळांची चळत दिसली. पाण्यात फुलं आणि दिवे सोडून दिवाणखान्यात ठेवायला हल्ली लोक घेतात तशी. प्रत्येकावर 'हँडमेड'चं लेबल. अप्पांनी सवयीने एक उचललं. अंगठा कडेवरून फिरवायला लागले आणि एका जागी थांबले. ते खाली ठेवलं, दुसरं उचललं. मग तिसरं. प्रत्येकावर त्याच जागी अंगठा थांबत होता.

मी वाकून बघितलं. तिथे एक ठोका चुकलेला होता. बाकीचे सगळे गोल, आणि हा एक घसरून लांबट, तिरका झालेला. सगळ्या घंगाळांवर, त्याच ओळीत, तसाच.

"घ्या काका, हँडमेड आहे," दुकानदार म्हणाला.

"हो का? कुणाच्या हँडचं?" अप्पा म्हणाले. हातातलं घंगाळ त्यांनी सांभाळून चळतीवर ठेवलं आणि मला म्हणाले, "हा माझा हात आहे. माळ्यावरच्याचा."

मला कळायला रिक्षात बसेपर्यंत वेळ लागला. कुणीतरी ते मॉडेल उतरवून घेतलं होतं, लहान करून त्यावरून लोखंडी ठसा पाडला होता आणि यंत्राखाली पत्रे दाबून अप्पांचे ठोके धडाधड छापत होता. मी रिक्षात तोंडाला येईल ते बोलत होते. अप्पा रस्त्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन केला तर मागे शेजाऱ्यांची ठकठक होती, अप्पांची नव्हती. तिसऱ्या दिवशीही तेच. शनिवारी गेले तर हातोड्या तेल लावून फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेल्या, आणि अप्पा कामाच्या जागी रिकाम्या हातांनी बसलेले. जेवायला वाढलं तर अर्धी पोळी खाल्ली. महिन्याभरात सदरे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, वय आहे. मला चांगलं माहीत होतं, वय मंडईत जायच्या आधीही तेवढंच होतं.

मग मी पिसाळले. दुसरा शब्द नाही. संस्थेला पत्रं लिहिली, मेल केले, फोन केले. रजा टाकून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या साहेबांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, वारसा सगळ्यांचा असतो." मी म्हटलं, "मग ठोके घालायलाही सगळे या की उद्या सकाळी!" त्यांनी सहीचा कागद पुढे सरकवला. दुकानदाराला कारखाना विचारला, तर माल कुणाकडून कुणाकडे फिरून येतो, त्याला पत्ता नाही. मॉडेल काढून टाका म्हटलं, तर ते ज्यांनी आधीच उतरवून घेतलंय त्यांच्याकडे राहणारच. रोज घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे. नवऱ्याला वाटायचं कपडे धुतेय. वडील डोळ्यांदेखत विझत चाललेत आणि ज्या बोटाने मी ते घंगाळ स्टेटसला चढवलं त्याच बोटाने 'कृपया आपल्या स्तरावर दखल घ्यावी' टाइप करतेय. स्वतःचीच इतकी किळस मला कधी आली नव्हती.

एका रविवारी अप्पा आपणहून म्हणाले, "त्या मॉडेलवरचं थोडं पुसता येतं का, विचार."

मला एवढा आनंद झाला! दोन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. आणि काय पुसायचंय ते मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. आयुष्यभर ज्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, त्यांचा एकच चुकलेला ठोका लोकांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसला होता. तांबटाला दुसरं काय झोंबणार? मी त्या नागपूरच्या मुलीला फोन केला. ती बिचारी माझ्याइतकीच खचलेली. "मॅडम, मला वाटलं होतं मी जपून ठेवतेय," म्हणाली. पंधरा दिवस ती साहेबांशी भांडली आणि परवानगी मिळवली. लोकांनी आधी उतरवून घेतलेली मॉडेल्स परत आणता येणार नव्हती, पण संस्थेचं मॉडेल ती दुरुस्त करून नव्याने चढवणार होती. "कुठला ठोका ते काकांना विचारून मला नक्की सांगा न," म्हणाली.

मी तशीच शाळेतून रिक्षा करून गल्लीत गेले. अप्पा त्यांच्या जागी बसले होते. चष्मा त्यांच्या हातात दिला, फोनवर मॉडेल उघडलं आणि शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी पहिल्यांदाच स्वतः बोट लावून घंगाळ फिरवलं. सावकाश, खऱ्या भांड्याला फिरवतात तसं. तो तिरका ठोका समोर आला.

"हाच ना? हा बुजवून टाकतेय ती," मी म्हटलं.

"तो राहू दे," अप्पा म्हणाले. "त्याच्या पुढचे काढायला सांग."

"पुढचे? पुढचे सरळ आहेत अप्पा."

"तेच."

मला काही उमजेना. ते फोनकडेच बघत बोलले. "हे काम चालू होतं त्या दिवशी. आतून तुझ्या आईने हाक मारली. 'अहो' म्हणाली. एकदाच. नेहमीसारखी नव्हती ती हाक, मला कळलं. हात घसरला तो तेव्हा."

आई हृदयविकाराने गेली. पटकन गेली, कळलंसुद्धा नाही, अप्पा जवळच होते, असं आम्ही येईल त्याला सांगत आलो. चौदा वर्षं. मीही सांगितलंय, कितीतरी जणांना, त्यात समाधान मानून.

"मग?" मी विचारलं.

"फेरा अर्ध्यावर होता. ठोक्यांचा फेरा मध्येच सोडला की परत हात तसा बसत नाही, जोड दिसतो. म्हटलं, एवढा पुरा करतो आणि उठतो."

त्यांनी त्या तिरक्या ठोक्याच्या पुढच्या ठोक्यावर बोट टेकवलं आणि घंगाळ फिरवायला लागले. एकामागून एक खळगे समोरून सरकत गेले.

"किती वेळ लागतो अप्पा, एका फेऱ्याला?"

"मी आत गेलो तेव्हा ती जमिनीवर होती," ते म्हणाले. "डोळे दाराकडे." मग फोन माझ्या समोर धरला. "तू बघ. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही. हाक ऐकल्यानंतरचा एक तरी ठोका वाकडा पडलाय का, बघ."

मी फोन घेतला. तिरक्या ठोक्यापासून सुरुवात केली, दोन बोटांनी मोठं करत, एकेक खळगा बघत फेरा संपेपर्यंत गेले. एकही नव्हता.