भिंतीवरचा तिसरा नंबर

आमच्या मामांच्या घरी आलेला नवा माणूस आधी भिंतीला हात जोडायचा. बैठकीच्या खोलीत काचेच्या चौकटींत, एका ओळीत, नऊ काळे-पांढरे फोटो टांगलेले होते. आमच्याकडे भिंतीवर असे फोटो दोघांचेच, एकतर देवाचे, नाहीतर गेलेल्या माणसांचे. पाव्हणा चपला काढून आत यायचा, हात जोडायचा आणि आवाज बारीक करून विचारायचा, "हे कोण? कवा वारलं?" मामा म्हणायचे, "वारतंय कशानं? तिसरा नंबर आलाय त्येचा!" मग पाव्हणा जवळ जाऊन बघायचा. फोटोत रेसची मोटार असायची आणि तिच्यात हेल्मेट घातलेला गडी.

मामा फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. मद्रासकडे असताना एका जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, तिथे सुट्टीच्या दिवशी हे स्वतःचा कॅमेरा घेऊन जायचे. पगारातला बराच भाग फिल्ममध्ये जायचा. सुभेदार होऊन गावी परतले तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि हे फोटो जास्त. गावानं त्यांचं नावच 'तिसरा नंबर' पाडलं. माझे वडील मी लहान असताना गेले, आई मला घेऊन माहेरी आली आणि मी या फोटोंखाली वाढले. मामांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "घरात दोन बायका हायत की. तिसरी आणून मी कुठं झोपू?"

आमचं गाव कराडच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. संध्याकाळी रस्त्याकडेच्या दगडावर उभे राहून मामा येणाऱ्या एस. टी.वर रिकाम्या हातांचा कॅमेरा धरायचे आणि बस जाईल तसे कमरेतून फिरायचे. पोरं हसायची. मामा शिकवायचे, "पाय हालवायचं न्हाईत. गाडीबरुबर आपन फिरायचं. मग गाडी जागच्या जागी दिसती आन् दुनिया पळती." बैलगाड्यांच्या शर्यतीतही हे तसेच कमरेतून फिरत, आणि मला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं.

एकदा पुण्याचा एक मोटारवाला गाडी पंक्चर झाली म्हणून थांबला, पाणी प्यायला आत आला आणि भिंतीसमोर खिळूनच राहिला. बंगल्यात लावायला नऊच्या नऊ द्या, म्हणाला, मागाल ते देतो. मामा म्हणाले, "इकायचं न्हाईत. बघायला या की परत, च्या पाजतो." आई दोन दिवस धुसफुसत होती.

दुष्काळ सरला त्या साली मला स्थळं यायला लागली. पहिल्या स्थळातल्या मुलाच्या आईनं रीतसर भिंतीला हात जोडले, मामांनी रीतसर तिसरा नंबर सांगितला, आणि बाई ओशाळल्या. चारचौघांत हसं झाल्याचा राग त्यांनी नकारात काढला. मोटारी पुजणाऱ्यांची मुलगी नको, असा निरोप आला. मी तडक मामांना म्हटलं, "ते फोटो काढा आधी. त्यांच्यापायी माझं लग्न व्हायचं नाही." "लोक हसत्यात व्हय?" मामा एवढंच म्हणाले. मग स्टूल आणलं, एकेक फोटो उतरवला, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला, खिळे उपटले आणि भोकांवरून चुन्याचा हात फिरवला.

दुसरं स्थळ सांगलीचं. मुलगा साखर कारखान्यात फिटर. पोहे खाताना तो माझ्याकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघत होता, याचा मला खरं तर रागच आला. शेवटी त्यानं मलाच विचारलं, "तुमच्याकडं मोटारींच्या शर्यतीचे फोटो आहेत म्हणे? आमचा ट्रकवाला सांगत होता." मला वाटलं, चेष्टा करतोय. मी फटकन म्हटलं, "छे! आमच्याकडे नाही बाई तसलं काही."

मामा पानाचं तबक घेऊन दारातच होते. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी सगळ्यांपुढे खोटी पडले असते. ते हसले. "न्हाई पावणं. फौजी मानसाच्या घरात कुठलं आलंय असलं? कुनीतरी गंमत केली आसंल तुमची." मुलाचा चेहरा उतरला. लग्न मात्र ठरलं.

पंचमीला माहेरी आले तेव्हा म्हटलं, मामा, लावा की आता परत. "लावतो की," म्हणाले. पुढच्या वर्षीही भिंत रिकामीच. मी खोदून विचारलं, तर म्हणाले, "जावई येत्यात घरला. तुला खोटी पाडू व्हय?"

मी माळ्यावर चढले. दोन पावसाळ्यांच्या ओलीनं पोती मऊ पडली होती. "फोटूनं काच धरलीया, आता सुटायची न्हाई," मामा खालून म्हणत होते. तरी मी एक ओढलाच. अर्धी मोटार काचेला राहिली, अर्धी माझ्या हातात आली. मामांनी तो तुकडा माझ्याकडून घेतला आणि खिशात ठेवला. "ऱ्हाऊ दे पोरी. जबरदस्ती करू नगं."

त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू, परवा सांगू, अशी सहा वर्षं घालवली. त्या सहा वर्षांत मोटारींचं वेड असलेली ही दोन माणसं आमच्या ओसरीवर बसून उसाबद्दल बोलायची. ऊस सोडून दुसरं काही नाही. मी चहा आणून द्यायचे आणि आत निघून जायचे.

मामांच्या तेराव्यानंतर मी तिसऱ्या नंबरचा फोटो काचेसकट सांगलीला आणला. त्याला डाग पडलेत, पण हेल्मेटातला गडी दिसतो. नवऱ्यानं तो खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितला. मग म्हणाला, "हा मामांनी काढलाय? मग ते माझ्याशी कधी बोलले का नाहीत?"

मी सगळं सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं.

फोटो आमच्या बैठकीत आहे. अजूनही कुणी नवीन माणूस आला की हात जोडतो, कोण हे, म्हणून विचारतो. मी 'मामा' म्हणते, आणि त्याला जोडू देते हात.