लाल ठिपक्याचा मग

त्या काळी जळगावात जुन्या वस्तू दोनच प्रकारची माणसं गोळा करायची. एक भंगारवाले आणि दुसरे नाना. त्यातल्या भंगारवाल्यांना निदान आपण काय गोळा करतोय ते ठाऊक असायचं.

नाना म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. जिनिंगच्या धंद्यात कमावलेलं त्यांनी बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत मांडून ठेवलं होतं. खिशातली घड्याळं, भिंतीवरची घड्याळं, चिनी मातीच्या बरण्या, गालांना लाली लावलेल्या चिनी मातीच्या मडमा, तामचिनीच्या डब्या आणि वाडगे. घड्याळांना ते रोज सकाळी स्वतः चावी देत, आणि मग प्रत्येक घड्याळ आपापल्या मनाची वेळ दाखवी. खरी वेळ हवी असली की नाना मनगटावरचं साधं घड्याळ बघत. एका खिशातल्या घड्याळाच्या तामचिनी तबकडीला चीर गेली होती. ती ते पाहुण्यांना भिंगातून दाखवत. पाहुण्यांना ती भिंगाशिवायही दिसत असे, तरी डोळा लावून सगळे वा वा करत.

हा माल धुळ्याचा एक व्यापारी पुरवायचा. स्टेनलेस स्टील घरोघर शिरलं तेव्हा बायकांनी तामचिनीची भांडी मोडीत काढली होती. शिरपूर, चाळीसगावकडून तो ती पोत्यानं उचलायचा. धुळ्यातून निघताना पोत्यात भांडी असत, पारोळ्यापर्यंत ती विलायती होत आणि एरंडोल ओलांडलं की कुठल्यातरी राजघराण्यातली. नानांपर्यंत पोचेस्तोवर त्यांना वंशावळ फुटलेली असे. नाना ती वहीत उतरवून घेत.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवत होते. तीन वर्षं तात्पुरती, दर जूनला नवी ऑर्डर. मला कायम करायचं की नाही हे नानांच्या सहीवर होतं आणि माझी फाईल नानांच्या टेबलावर. त्यामुळे त्यांनी बंगल्यातच प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि वस्तूंपुढे ठेवायची कार्डं माझ्या अक्षरात हवी म्हणाले, तेव्हा मी मोठ्या आनंदानं होकार दिला. म्हणजे आनंद दाखवला. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसायची. ते सांगत आणि मी बोरूनं लिहायची: वस्तू, देश, काळ, खूण.

बाकी सगळं कपाटात, पण एक तामचिनीचा मग नाना रोज वापरत. पांढरा, निळ्या काठाचा, एका बाजूला पोचा आलेला. कानाखाली बोटाच्या टोकाएवढा लाल ठिपका आणि त्याला एक ओघळ. नानांचं म्हणणं, हा ठिपका म्हणजे ऑस्ट्रियाच्या एका जुन्या कारखान्याची खूण. कारागीर शेवटी हातानं द्यायचा म्हणे, म्हणून प्रत्येक ठिपका वेगळा. हे धुळ्याच्या व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, आणि चाळीसगावचे एक संग्राहक होते त्यांनी मान डोलावून ते पक्कं केलं होतं. सकाळचा चहा नाना त्यातच घेत. करंगळी वर करून. वस्तू ओठाला लागल्याशिवाय कळत नाही, असं ते माझ्यासमोर कितीदा तरी म्हणाले असतील. पाच वर्षं त्यांच्या ओठांना त्या मगाबद्दल काय कळलं होतं ते पुढे दिसलंच.

निमंत्रणपत्रिकेवर त्याचंच चित्र छापायचं होतं. मी रेखाटन घरी करते म्हटलं, तर नानांनी तो तीन टॉवेलांत गुंडाळून दिला आणि दोनदा "जपून" म्हणाले. माझ्या भाड्याच्या खोलीत तेव्हा आबा, माझे वडील, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिले होते. शिरपूर तालुक्यातल्या गावी त्यांची उमर एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार म्हणून, वर्षाच्या बोलीवर राबण्यात गेली होती. ऑपरेशन होऊन महिना झालेला, जाड काचांचा चष्मा नुकताच मिळालेला. मी पेन्सिलीला टोक काढत होते. बघते तर आबांनी मग टॉवेलातून काढून त्याच्या कानात बोटं घालून धरलेला, अंगठा बरोबर त्या पोच्यात बसवलेला. मी घाबरून म्हटलं, आबा, ठेवा, तो अध्यक्षांचा आहे.

"हाऊ मग मना शे," आबा म्हणाले.

मला वाटलं, स्वतःचा म्हणताहेत तो नव्या चष्म्याचा परिणाम. मग त्यांनी सांगितलं. पोचा बैलाच्या खुराचा होता. मालकाच्या घरी सालदाराचा मग गोठ्याच्या कोनाड्यात असायचा आणि घरातली बाई वरून चहा ओतायची. आम्ही बौद्ध झालो, आमच्या वाड्यात वंदना सुरू झाली, तो मग मात्र कोनाड्यातच राहिला. मी ठिपक्यावर बोट ठेवलं.

"तो मीच लायेल शे," ते म्हणाले. "पोयाना दिन शिंगडासले रंग दिधा, तो उरना. मालक बोलना, तुना मगले बी लाव, घरना भांडासमा जावाले नको."

अगदी सहज सांगितलं. मला मात्र आधी हसू आलं. ऑस्ट्रियाचा कारागीर माझ्यासमोर घोंगडीवर बसून डोळ्यांत औषध घालून घेत होता. नाना, धुळ्याचा व्यापारी आणि चाळीसगावचे संग्राहक मिळून पाच वर्षं माझ्या बापाच्या बोटाची तारीफ करत होते. मग हसू गेलं आणि इतका राग आला की त्या दिवशी चित्र झालं नाही.

मी कार्ड लिहिलं. तीन वर्षांची नोकरी पणाला लावून लिहितेय याची मला पूर्ण जाणीव होती आणि खरं सांगायचं तर थोडा माजही होता. वस्तू: तामचिनीचा मग. गाव: शिरपूर तालुक्यातलं. सालदाराला चहा देण्यासाठी गोठ्यात वेगळा ठेवलेला. खूण: लाल ठिपका, पोळ्याला उरलेल्या रंगाचा, घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून त्याच्याकडूनच लावून घेतलेला. सालदार कोण ते नाना विचारतील तेव्हा सांगायचं ठरवलं. नाना चिडतील, कार्ड फाडतील, मग मी काय बोलायचं तेही ठरवलं होतं. चांगली सात-आठ वाक्यं पाठ केली होती.

रविवारी मगाबरोबर नेलेलं कार्ड नानांनी वाचलं, चष्मा काढला, सालदार कोण ते विचारलं. मी सांगितलं. आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, हा तर सामाजिक इतिहास आहे," ते म्हणाले. "याला मधल्या कपाटात ठेवू. वडिलांना उद्घाटनाला आणा, फोटो काढू."

माझी सात-आठ वाक्यं वाया गेली. ज्याच्यावर संतापायचं तोच माणूस कौतुक करायला लागला तर करायचं काय? त्यांनी चहा मागवला. गड्यानं सवयीनं मग विसळायला घेतला, तर नानांनी मानेनंच नको म्हटलं. चहा चिनी मातीच्या कपात आला. पुढच्या रविवारी कपातच, त्याच्या पुढच्याही. वस्तू ओठाला लागल्याशिवाय कळत नाही हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

आबांना मी निमंत्रण सांगितलं, कपाचंही सांगितलं. वाटलं, नाहीच म्हणतील. ते म्हणाले, "मी येसू. पण तो त्यामा चहा पिई का मनासमोर?"

ही अट मी नानांना सांगितली. त्यांना ती फारच आवडली. अहो, त्यात काय, पाच वर्षं पितोय मी, असं ते चार लोकांत म्हणाले आणि फोटोग्राफरला तशी सूचना दिली.

उद्घाटनाला शहरातली झाडून सगळी मोठी माणसं आली होती. ज्यांनी आदल्याच वर्षी आजीच्या बरण्या मोडीत देऊन डिनर सेट घेतला होता, तेही बरण्यांपुढे हात मागे बांधून उभे होते. आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले होते. नानांनी त्यांना स्वतः खुर्ची दिली, हार घातला, आणि समतेवर बोलले. बरंच बोलले. मग मधलं कपाट उघडून मग काढला, गड्यानं त्यात चहा ओतला. नानांनी करंगळी वर करून मग ओठांपर्यंत नेला. फ्लॅश पडला. टाळ्या झाल्या. नानांनी मग टेबलावर ठेवला आणि पाहुण्यांबरोबर घड्याळांच्या खोलीत गेले.

आबा उठले, टेबलाशी गेले, वाकून मगात बघितलं. नव्या चष्म्यातून त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

"बठ्ठा तसाच शे," ते मला म्हणाले.

जसाच्या तसा भरलेल्या चहावर साय धरायला लागली होती. आबांनी मग उचलला, बाहेर नळापाशी जाऊन चहा ओतून दिला, तो राखेनं घासतात तसा बोटांनी घासून धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पिशवीत टाकला. मला चल म्हणाले. फाटकावरच्या गड्यानं बघितलं, पण गळ्यातला हार बघून त्यानं फाटक उघडलं.

दोन दिवसांनी नानांनी मला बोलावलं. मी खरं सांगितलं, ज्याचा होता त्यानं नेला. ते रागावले नाहीत. नानांना राग येतच नसे, तेच तर त्यांचं वाईट होतं. प्रदर्शन अजून आठवडाभर चालणार होतं आणि मधल्या कपाटात माझं कार्ड एकटंच होतं. त्यांनी धुळ्याच्या पोत्यातला दुसरा एक पांढरा, निळ्या काठाचा मग काढला आणि माझ्यापुढे ठेवला. शेजारी लाल ऑइलपेंटचा डबा होता.

"तुमचा हात बसलेला आहे बाई. इथं कानाखाली एक ठिपका द्या," ते म्हणाले. "जरा ओघळ येऊ द्या."

माझी फाईल तिथंच होती. तिच्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

मी ठिपका दिला. ओघळही दिला. चांगला जमला, नाना वा म्हणाले, आणि चाळीसगावच्या संग्राहकांनी दुसऱ्या दिवशी तो भिंगातून बघितला. महिनाअखेर मी कायम झाले. आबांसाठी पेढे नेले. ते दारात बसून त्यांच्या मगातून चहा पीत होते. पेढे कशाचे ते सांगितलं, ठिपक्याचं सांगितलं नाही.

नानांना मी आजही नावं ठेवते, आणि ती त्यांना शोभतातच. पण आबांनी मालकाच्या सांगण्यावरून बोट रंगात बुडवलं तेव्हा ते सालानं बांधलेले होते, त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. माझ्याकडे चित्रकलेचा डिप्लोमा होता.