चाचांनी काढलेला ताप

कुशनवाले चाचा माणसाला तोंडावरून ओळखत नसत, बसण्यावरून ओळखत. दुकानासमोर गाडी लावून तुम्ही नमस्कार करावा, तर ते आधी दार उघडून सीटला पडलेला खळगा बघणार आणि मग चार लोकांत निकाल देणार. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, "पावणं, तुमी उजवीकडं कलून बसताय. डावीकडं मंडळी बसत असत्याल." मंडळी त्या वेळी डावीकडेच बसल्या होत्या. पुढे आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

गिऱ्हाइकाच्या गाडीत मात्र ते स्वतः कधी बसत नसत. शिवलेली सीट मुठीने दाबायची, स्प्रिंगचा आवाज ऐकायचा आणि गाडी ताब्यात द्यायची. "शिवणाऱ्यानं बसायचं नसतंय. बसला की खोट दिसती," असं ते उघड सांगत. धंद्याची इतकी प्रामाणिक जाहिरात कोल्हापुरात दुसऱ्या कुणी केली नसेल.

ऐंशी सालानंतर कधीतरी मी दीडशहाण्याने एक जुनी परदेशी गाडी घेतली. साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक गोरा इंजिनियर ती जाताना विकून गेला होता. त्याच्या देशात बर्फ पडत असल्यामुळे पुढच्या दोन्ही सीटांमध्ये विजेवर तापणाऱ्या गाद्या होत्या. माझ्या बाजूची केव्हाच बंद पडली होती. शेजारची मात्र इंजिन सुरू झालं की तापायची, आणि बटण बिघडल्यामुळे थांबायचं नाव घ्यायची नाही. भर वैशाखात मेव्हण्यांना जोतिबाला नेलं, तर डोंगर चढताना ते अर्धवट उभे होते. देवापुढे ते माझ्याविषयी काय बोलले ते देवालाच ठाऊक. त्यानंतर मंडळी एसटीने प्रवास करू लागल्या.

त्या सीटवर बिनतक्रार बसणारी एकच व्यक्ती उरली, माझी आई. कोडोलीला, आमच्या गावच्या घरी, गोठ्यात पाय घसरून ती कमरेवर पडली होती. दर शनिवारी मी तिला कोल्हापुरात डॉक्टरांकडे आणत असे. उपचार चुकले तर या अंथरूण धरतील, असं त्यांनी बजावलं होतं. आई बिचारी चटके सोसते आणि लेकाच्या हौसेपायी बोलत नाही, अशी माझी समजूत झाली. मातृभक्तीच्या त्या भरात मी गाडी चाचांकडे नेली.

चाचांनी सीटवर तळहात ठेवला. "ताप आलाय हिला," ते म्हणाले. "कोल्हापुरात बूड शेकायला गाडी कशाला लागती? उनात उभी केली तरी तापती की." समोरचा चहावाला हसला, पंक्चरवाला हसला, आणि मीही हसलो, कारण दुसरं काय करणार! त्यांनी ती गादी काढली, काथ्या आणि फोम भरून सीट नवी केली, मुठीने दाबली आणि जाहीर केलं, "घ्या. काढला तुमचा ताप."

पुढच्या शनिवारी निम्म्या वाटेत आईने गाडी थांबवायला लावली. उतरून ती एका बाभळीला धरून उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता. "ती ऊब कुटं गेली रं?" तिने विचारलं. "तिच्या जिवावर तर ह्यो रस्ता कटत हुता." यापुढे आपण डॉक्टरकडे येणार नाही, हेही तिने तिथेच सांगून टाकलं.

तिला कोडोलीला परत सोडून मी तडक चाचांचं दुकान गाठलं. ते मशीनवर वाकले होते आणि त्यांच्या स्टुलावर माझी गादी होती, वायरी ट्रकच्या जुन्या बॅटरीला जोडलेल्या. जिची चार लोकांत टिंगल केली, तिच्यावरच स्वारी शेकत बसली होती! मला बघून ते उठले, तेव्हा त्यांना मशीनचा आधार घ्यावा लागला. जगाचं बसणं पारखणाऱ्या या माणसाची स्वतःची कंबर वाकून वाकून कामातून गेली होती, आणि माझ्या ते कधी लक्षातही आलं नव्हतं. टोमणा मारायची सोन्यासारखी संधी होती. पण मी फक्त बाभळीजवळचं आईचं बोलणं सांगितलं.

चाचांनी वायरी सोडल्या. नवी सीट उसवली, गादी आत घातली आणि बिघडलेल्या बटणाच्या जागी ट्रॅक्टरचं बटण बसवलं. तुमच्या कमरेचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मला कोल्हापूरचं ऊन हाय की."

आई त्या सीटवरून पुढे पाच वर्षं आली-गेली. शेवटपर्यंत तिने अंथरूण धरलं नाही. ती गेल्यावर महिन्याभराने मी गाडी चाचांकडे नेली आणि म्हटलं, गादी काढून घ्या, आता ती तुमची.

चाचांनी दार उघडलं, खळगा बघितला, तळहात ठेवला. "गरम हाय की. कोण बसलंतं?"

कुणीच बसलं नव्हतं. गाडी सुरू केली की शेजारचं बटण दाबायची माझी सवय गेली नव्हती. एवढं सांगता सांगता मी रडलो, भर रस्त्यात, चहावाल्या-पंक्चरवाल्यासमोर.

चाचांनी उसवायची सुरी खिशात ठेवली. मग कंबर धरत, आयुष्यात पहिल्यांदाच, ते गिऱ्हाइकाच्या गाडीत बसले.

"गादी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला घरापतूर सोड. दमानं चालीव."

मी गाडी काढली. घराजवळ आल्यावर त्यांनी सीटवरून एकदा हात फिरवला.

"खोट न्हाय हिच्यात," ते म्हणाले.